आडोसा

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘घर’. मला खरं तर वाड्यांवर लिहायचं होतं. पण डोळ्यांसमोरून हटेना ते २०२५ च्या नवरात्रातलं एक दृश्य. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात एका सेवा केंद्राच्या दारात रात्री नऊच्या सुमाराला चाळीसेक बायका बसल्या होत्या. कुणी पायरीवर, कुणी पिशवी अंथरून, कुणी लेकराला मांडीवर झोपवून. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी करायची होती. दिवसा साईट चालत नव्हती, म्हणून रात्रीची जाग. आतून पोरगा हाक मारायचा, “आक्का, ओटीपी आला का?” आणि बाहेरून, रस्त्यावरच्या गोंगाटाच्या वर आवाज चढवून उत्तर यायचं, “आला, आला! घे लिहून... चार, शून्य, सात...”

एकीचे सहा आकडे चाळीस जणींच्या कानांवर पडत होते. ज्या मेसेजातून ते यायचे त्याच मेसेजात लिहिलेलं असायचं की हा क्रमांक कुणालाही सांगू नका. आणि सांगितल्याशिवाय महिन्याचे दीड हजार रुपये चालू राहणार नव्हते.

एक बाई बाजूला उभी राहून नवऱ्याला फोन लावत होती. तिच्या आधारचा ओटीपी झाला होता, आता नवऱ्याच्या आधारचा हवा होता. तो शिरोली एमआयडीसीत रात्रपाळीला, फोन बाहेर लॉकरमध्ये. ओटीपीची मुदत दहा मिनिटांची. तिच्या मागं बसलेली दुसरी म्हणाली, “तुझा निदान हाय तरी. माझं मालक न्हाईत, वडील न्हाईत. मी कुणाचं आकडं सांगू?” पुढं नोव्हेंबरात सरकारनं अशा बायकांसाठी दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडं देण्याची सोय केली. त्या रात्री ती नव्हती.

लहानपणी मी आईबरोबर पंचगंगेवर जायची. अंघोळ झाली की बायका लुगडं बदलायच्या आणि दोघीजणी पाठमोऱ्या उभ्या राहून साडी धरायच्या. त्याला आम्ही आडोसा म्हणायचो. गोपनीयता हा शब्द कायद्यातला, खासगीपणा हा वर्तमानपत्रातला. आडोसा घरातला आहे. तो आपला आपल्याला करता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी धरावा लागतो, आणि धरणाऱ्यानं तोंड फिरवून उभं राहायचं असतं. त्या रात्री केंद्राच्या दारात आडोसा धरणारं कुणी नव्हतं. एवढा एकच शब्द घेऊन मी यंदाच्या पावसाळ्यात बावड्यात हिंडले.

बोट लागत नाही

कसबा बावडा महापालिकेत असला तरी अजून स्वतःला गावच म्हणवतो. न्यू पॅलेस मागं टाकून पुढं आलं की लाईन बाजार, पोलिसांच्या वसाहती, मग मिसळीचा वास, मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं, राजाराम कारखान्याची चिमणी, आणि त्यापलीकडं नदीपर्यंत ऊस. एकाच बोळात एक पोरगी लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहीत बसलेली आणि तिची आजी बटणाच्या फोनवर लेकीचा नंबर फोनच्या मागं चिकटवलेल्या पट्टीवरून शोधणारी.

यंदा मी ज्या केंद्रात बसले ते एक पंचविशीतली मुलगी चालवते. दहा बाय दहाचा गाळा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बोट टेकवायचं यंत्र आणि त्याच्या शेजारी बशीत ओला फडका. फडका बोटांसाठी. खुरपणी, भांगलण, भांडी यांत ज्यांची आयुष्यं गेली त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्राचा लाल दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. “आज्जी, नीट टेका की. दाबू नका, नुसतं ठेवा.” आज्जी पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते. उजवा अंगठा, मग तर्जनी, मग डावा हात. आताशा चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते, पण त्याला कॅमेऱ्याकडं बघून पापणी मिटावी लागते, आणि मोतीबिंदूवाल्या माणसाला पापणी कधी मिटायची ते दुसऱ्यानं सांगावं लागतं.

बंगालात जंगीपूरला १८५८ मध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. सही नाकारता येते, हात नाकारता येणार नाही, हा त्यामागचा हिशोब होता. पुढं अंगठा म्हणजे सही न येणाऱ्याची निशाणी झाली. आपल्याकडं निरक्षराला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवायचे. टेंभली या नंदुरबार जिल्ह्यातल्या गावात २०१० च्या सप्टेंबरात पहिलं आधार कार्ड दिलं गेलं आणि शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांचाच अंगठा एका रांगेत आला. फरक एवढाच, की शिकलेल्याचा अंगठा लागतो आणि राबणाऱ्याचा लागत नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या मुलीनं मला कॉम्प्युटर दाखवला. लोक कागद व्हॉट्सअॅपवर पाठवतात, ते उघडायला केंद्राच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप चालूच असतं, आणि आलेला प्रत्येक कागद आपोआप एका फोल्डरमध्ये जाऊन पडतो. तिनं तो फोल्डर उघडला आणि खाली सरकवत राहिली. आधार, रेशनकार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, शाळा सोडल्याचा दाखला, पुन्हा आधार. तीन वर्षांचे. निम्मं बावडं तिथं होतं.

“पुसून का टाकत नाहीस?”

“टाकलं होतं एकदा. मग लोक येऊन म्हणाली, ताई, माझं आधार तुझ्याकडं हाय की, काढ त्यातनं. मी कुठलं काढू? तेव्हापासनं ठेवतो.”

(आमच्याकडं पोरी ‘ठेवतो’च म्हणतात.)

तिनं कुणाचा विश्वासघात केला नव्हता. लोकांनी तिला आपली पेटी मानलं होतं. पण त्या कॉम्प्युटरला पासवर्ड नव्हता, संध्याकाळी तिचा भाऊ त्यावर गेम खेळतो, आणि बिघडला की तो शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडं आठवडाभर पडून असतो. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या एका कार्यालयानं पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या. दोन दिवसांत ते मागं घेण्यात आलं, गैरसमज होईल म्हणून. आकडे झाकलेली प्रत आजही आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. मी त्या मुलीला विचारलं, कुणी आणून देतं का तशी? ती म्हणाली, “आणली तर फॉर्मवाले घेत न्हाईत. म्हणतात नंबर दिसत न्हाई.”

लाडक्या बहिणींच्या त्या ई-केवायसीच्या अर्जात शेवटी दोन विधानं होती. त्यांतलं एक नकारार्थी: घरातलं कुणी कायम सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचं. खाली ‘होय’ आणि ‘नाही’. सरकारी नोकरीत कुणी नाही, म्हणून बायकांनी ‘नाही’ दाबलं. यंत्रानं त्याचा अर्थ उलटा लावला. पैसे थांबले, तक्रारींचा पाऊस पडला, आणि २०२६ च्या जानेवारीत अंगणवाडी सेविकांमार्फत घरोघरी जाऊन खरं-खोटं तपासायचं ठरलं. म्हणजे मुंबईत बसून कुणीतरी एक वाक्य सरळ लिहिलं नाही, त्यासाठी गावोगावच्या सेविकांनी दारं झिजवायची. मराठीत ‘तुझं जेवण झालं नाही ना?’ याला ‘नाही’ म्हणणारा उपाशी असतो. हे साधं आहे. अर्ज लिहिणाऱ्यानं मोठ्यानं एकदा वाचून बघितलं असतं तरी पुरलं असतं.

या ठिकाणी माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. आपण दोन तक्रारी वेगवेगळ्या करतो: फोन वापरायला अवघड आहे ही एक, आणि फोन आपली माहिती बाहेर फोडतो ही दुसरी. बावड्यात त्या एकच आहेत. अर्ज कळत नाही म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात जातो, आणि फोन दुसऱ्याच्या हातात गेला की माणूस उघडा पडतो. कुणी हॅकर लागत नाही त्याला.

आणि उघडं पडल्यावर दोष कुणाचा? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानं ठरवलं की ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. पण ग्राहकानं स्वतःहून गुप्त आकडे कुणाला दिले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. कागदावर हे रास्त आहे. पण ज्या बाईला सरकारी योजनेपासून गॅसपर्यंत प्रत्येक कामासाठी महिन्यातून चारदा आकडे मोठ्यानं सांगायची सवय आपणच लावली, तिनं पाचव्या वेळी फोनवरच्या गोड आवाजाला ते सांगितले तर ती निष्काळजी कशी ठरते?

पाणी आलं तेव्हा

बावड्याला राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर तिथल्या पाण्याचे आकडे विचारतं. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. नदीकडच्या घरांत अजून भिंतीवर ती रेघ दाखवतात.

त्या रेघेखालच्या एका घरी मी गेले. घरातल्या वहिनींनी लोखंडी पेटी काढली. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले कागद: सातबारा, लेकाची मार्कलिस्ट, सासूबाईंचा मृत्यूचा दाखला. कडा पिवळ्या, शाई पसरलेली. लग्नाचा अल्बम वाचला नाही. फोटो एकमेकांना चिकटले आणि सोलायला गेलं तर तोंडं निघून आली. “तोंडंच ग्येली बगा,” त्या म्हणाल्या, आणि पेटी बंद केली.

अशा गावात कुणी ‘ढगात ठेवा’ म्हटलं तर ते सोन्यासारखं वाटणारच, आणि मला वाटतं ते चुकीचं नाही. ढग म्हणजे तरी काय? ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात किंवा जगात आणखी कुठं तरी उभी असलेली थंड, बिनखिडक्यांची इमारत, आत हजारो कॉम्प्युटर, रात्रंदिवस वीज. तिथं पंचगंगेचं पाणी जात नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं डिजिलॉकर सुरू केलं, आणि २०१७ पासून त्यात खात्यानं थेट दिलेला कागद मुळाइतकाच ग्राह्य धरावा असा नियम आहे.

पण इथंही एक बारकी खाच आहे, ती वहिनींच्या लेकालाही ठाऊक नव्हती. डिजिलॉकरात दोन कप्पे असतात. एकात विद्यापीठानं, आरटीओनं, आधारनं स्वतः पाठवलेले कागद येतात, ते मुळाइतके पक्के. दुसऱ्यात आपण फोटो काढून चढवलेले, ते म्हणजे नुसती झेरॉक्स. त्यानं पूर ओसरल्यावर मोठ्या आशेनं पेटीतल्या सगळ्या कागदांचे फोटो दुसऱ्या कप्प्यात भरून ठेवले होते.

शिवाय ढगाला दार एकच, फोन. २०१९ च्या पुरात शहरात दिवसचे दिवस वीज नव्हती, ज्याच्याकडं इन्व्हर्टर त्याच्या दारात चार्जरांचा गुंता. २०२३ च्या जूनमध्ये शहरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद झालं, तेव्हा पूर नव्हता, ऊन होतं, तरी भाजीवालीपासून औषधाच्या दुकानापर्यंत ज्यांनी रोख पैसे ठेवणं सोडलं होतं ते सगळे अडकले. सरकारी कामं ठप्प झाली. वहिनींनी यावर काढलेला तोडगा मला पटला. कागद ढगातही आहेत, आणि त्यांचा एक संच जाड पिशवीत माहेरी, उंचावरच्या गावी, भावाच्या घरी. दोन दारं असलेली बरी.

फोन फुल्ल

बावड्याच्या मुख्य रस्त्यावर मोबाईलची दुकानं एकाला लागून एक आहेत. नवा फोन विकला की दुकानातला पोरगा तो ‘चालू करून देतो’. या तीन शब्दांत बरंच काही मावतं. जीमेलचं खातं उघडायचं, त्याला नाव द्यायचं, पासवर्ड ठरवायचा, येईल त्या प्रत्येक पाटीवर ‘मान्य’ दाबायचं. सगळं मिळून चार मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं. त्या चार मिनिटांत गिऱ्हाईक दारात उभं राहून चहा पितं.

पासवर्ड कुठं लिहितोस, मी विचारलं. “खोक्याच्या आत लिहितो की. नाहीतर माझ्या ध्यानात असतो, सगळ्यांना तोच देतो.” खोकं घरी गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातं.

दोन-तीन वर्षांनी तेच गिऱ्हाईक ‘फोन फुल्ल झालाय’ म्हणून परत येतं. गुगलनं ३१ मे २०२१ पर्यंत थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही फुकट ठेवू दिले. सवय लागली. १ जूनपासून पंधरा जीबीचं माप लागलं, आणि त्यात टपाल, फोटो, फायली सगळं एकत्र. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा साठाही पूर्वी या मापात धरत नसत, २०२४ पासून धरू लागले. म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ, रोज सकाळची सुविचारांची फुलं आणि लेकराचा पहिला फोटो एकाच पोत्यात. पोतं भरलं की दोनच वाटा: महिन्याला पैसे भरा, नाहीतर पुसा.

पुसताना माणूस फसतो. ‘जागा मोकळी करा’ हे बटण दाबलं तर फोनमधली प्रत जाते आणि ढगातली राहते. पण फोटो एकेक निवडून कचराकुंडीचं चिन्ह दाबलं तर दोन्हीकडचा जातो, आणि साठ दिवसांनी कायमचा. दोन्ही बटणं एकाच पडद्यावर. दुकानात आलेल्या एका रिक्षावाल्या मामांनी, ‘फोनमधलं काढलं तर वरती असतंय’ या समजानं, चार महिन्यांपूर्वी वडिलांचे सगळे फोटो काढून टाकले होते. साठ दिवस केव्हाच उलटले होते. पोरगा गप्प बसला. मामा फोन खिशात घालून म्हणाले, “ऱ्हाऊ दे. चेहरा ध्यानात हाय माझ्या,” आणि रिक्षा चालू करून गेले.

आणखी एक गोष्ट तिथं कळली, तिचं मला जास्त वाईट वाटलं. फोटोंचं हे अॅप चेहरे ओळखून त्यांचे गठ्ठे लावतं. चेहऱ्याची मापं आकड्यांत उतरवून जुळणारे आकडे एकत्र करायचे, अशी ती रीत. मग ते मधूनच ‘आठवणी’ म्हणून एखादा फोटो गाणं लावून पुढं आणतं. एका मावशींना सकाळी देवपूजा करताना नवऱ्याच्या तिरडीचा फोटो असा आला, खाली चमचमणाऱ्या ताऱ्यांसह. कुणाचा चेहरा दाखवू नये हे अॅपला सांगता येतं, सोय आहे. पण ती पाच पायऱ्या खाली आहे आणि मावशींच्या फोनची भाषा इंग्रजी आहे, कारण दुकानातल्या पोरानं ती तशीच ठेवली होती. मी तिथंच उभी राहून फोन मराठी करून दिला. मराठी तरी कसली! शब्द सगळे संस्कृतचे, जोडलेले असे की इंग्रजी बरं. ‘संकालन’ म्हणजे काय हे मावशींना सांगताना मलाच दोनदा अडखळायला झालं. ‘दोन्हीकडं सारखं करा’ असं लिहिलं असतं तर?

इथं मला माझ्या घरचंही सांगितलं पाहिजे. आईचा फोन मी चालवते. तिचे पासवर्ड माझ्या वहीत आहेत. तिच्या बँकेचे मेसेज, डॉक्टरांचे रिपोर्ट, मामीशी झालेली तिची भांडणं, सगळं माझ्या नजरेखालून जातं. गेल्या वर्षी तिचं बिल भरताना मला कळलं की ती दर महिन्याला एका लांबच्या आत्याला पैसे पाठवते. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मीही तिला, मला कळलंय, असं सांगितलं नाही. आडोसा धरताना मी तोंड फिरवायला हवं होतं, पण पैसे भरायचे तर पडदा बघावाच लागतो. तिचा फोन तिला एकटीला चालवता आला असता तर ते गुपित तिचंच राहिलं असतं. ही रुखरुख घेऊनच मी त्या मावशींचा फोन हातात घेतला होता.

माजघरातला डोळा

उलपे मळ्याच्या बाजूला एका जुन्या घरात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहतात. लेक पुण्यात. दोन वर्षांपूर्वी आजी न्हाणीत घसरून पडल्या, तासभर कुणाला कळलं नाही. लेकानं दसऱ्याला येऊन माजघरात कॅमेरा बसवला. दीड-दोन हजारांचा, गोल, मान फिरवणारा. पुण्यात ऑफिसात बसून त्याला आईचं माजघर दिसतं, तो त्यातून बोलतोही. “आई, गोळी घेतलीस का?” असा आवाज पहिल्यांदा भिंतीतून आला तेव्हा आजी देव्हाऱ्यापुढं जाऊन बसल्या होत्या.

लेकाची काळजी खोटी नाही. मी त्याच्याशी फोनवर बोलले, त्याचा गळा भरून आला होता. आजीही तक्रार करत नाहीत. फक्त दुपारी लुगडं सैल करून आडवं व्हायची त्यांची साठ वर्षांची सवय मोडली. आता त्या कपडे बदलायला कोठीच्या खोलीत जातात, जिथं अंधार आहे आणि पायरी आहे. पडायची भीती तिथंच जास्त. मी हे लेकाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

कॅमेऱ्याचं खातं लेकाच्या मित्राच्या नंबरावर आहे, कारण बसवला त्यानं. लेकाला हे आठवतही नव्हतं. चित्र घरातून निघून कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून पुण्याला येतं. तो सर्व्हर कुठं आहे हे खोक्यावर लिहिलेलं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतली चित्रफीत इंटरनेटवर विकायला आल्याचं उघड झालं. कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, ‘अॅडमिन१२३’ छापाचा होता. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचेही तरुण होते. सांगली बावड्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. त्यानंतर एप्रिलपासून, इंटरनेटला जोडायच्या कॅमेऱ्यांची सुरक्षा तपासल्याशिवाय ते विकता येऊ नयेत असा केंद्राचा आदेश लागू झाला. भिंतीवर आधीच बसलेले कॅमेरे मात्र तिथंच आहेत, त्याच पासवर्डांसह.

आजींनी आपला उपाय आपण शोधला होता. कॅमेऱ्याशेजारी खिळा ठोकून त्यांनी कालनिर्णय टांगलं आहे. दुपारी दोनला त्या ते कॅमेऱ्यावर सरकवतात आणि चारला, चहाच्या वेळी, बाजूला करतात. पुण्यात दोन तास पडद्यावर कालनिर्णयाची पाठ दिसते.

मराठीत विचारा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ मध्ये माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा आराखडा दिला, संसदेनं २०२३ च्या ऑगस्टमध्ये कायदा केला आणि नियम आले २०२५ च्या नोव्हेंबरात. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांपासून अठरा महिने आहेत. दोन मुद्दे मला त्यात महत्त्वाचे वाटतात, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पहिला भाषेचा. तुमची माहिती घेण्याआधी जी सूचना द्यायची ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय कंपनीनं दिली पाहिजे. म्हणजे मराठीतही. हे नीट झालं तर मोबाईलच्या दुकानातली ती चार मिनिटं बदलू शकतात. पण ‘संकालन’ छाप मराठीनं काही बदलणार नाही. मराठी म्हणजे देवनागरीत छापलेलं इंग्रजी नव्हे, हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं, आणि ते काम मराठी लिहिणाऱ्यांचं आहे.

दुसरा वारसाचा. आपल्या मागं आपल्या माहितीबाबतचे हक्क कुणी बजावायचे, त्याचं नाव लावून ठेवण्याचा अधिकार कायदा देतो. शेतीला, बँकेला, विम्याला वारस लावणारी आपली माणसं आहेत. फोटोंना वारस लावायचा असतो हे बावड्यात मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना नवल वाटलं नाही, त्यांनी लगेच विचारलं, “कुठं लावायचा?”

संमती खरी की नुसती दाबून घेतलेली, हा प्रश्न फक्त गावाचा नाही. २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपनं नवं धोरण ‘मान्य करा’ म्हणून सगळ्यांपुढं ठेवलं. त्याबद्दल स्पर्धा आयोगानं २०२४ च्या नोव्हेंबरात मेटा कंपनीला २१३ कोटींचा दंड केला. घ्यायचं तर हे घ्या, नाहीतर चालू लागा, हे वागणं आयोगाला मान्य झालं नाही. ज्या गावात शाळेचा गृहपाठ, भिशीचा हिशोब आणि मयताचा निरोप एकाच अॅपवर येतो, तिथं ‘चालू लागा’ म्हणजे गावाबाहेर जा.

चिठ्ठी

निघायच्या दिवशी मी पुन्हा त्या केंद्रात गेले. आठ दिवसांपूर्वी तिचा तो फोल्डर बघून मी जे काही बोलले होते, ते तिनं मनावर घेतलं असावं. कॉम्प्युटर उघडताना आता पासवर्ड मागत होता. जुने कागद तिनं एका पेनड्राइव्हवर काढून कपाटात कुलपात ठेवले होते. “एकदम पुसायला जीव होत न्हाई,” म्हणाली. “दिवाळीनंतर बघतो.” पडदा तिनं अर्धा फिरवून ठेवला होता, म्हणजे समोरच्या खुर्चीतल्या माणसाला आपल्या नावापुढं काय भरलं जातंय ते दिसावं आणि मागच्या रांगेला दिसू नये.

पेन्शनच्या कामाला एक आज्जी आल्या होत्या. ओटीपी आला. आज्जींनी सवयीनं तोंड उघडलं, तेवढ्यात मुलीनं हात वर केला. वहीचा चतकोर आणि पेन त्यांच्यापुढं सरकवलं. “बोलू नका. आकडं येतात न्हवं लिहायला? फोनात बगून ह्यावर काढा.”

आज्जी आकडे येण्यापुरत्या शाळेत गेल्या होत्या. एकेक आकडा त्यांनी दाबून, मोठा लिहिला. सहाला पाच मिनिटं लागली. रांगेतला एक जण चुळबुळला, मुलीनं त्याच्याकडं बघितलं, तो थांबला. तिनं चिठ्ठी बघून आकडे भरले, काम झालं, आणि चिठ्ठी परत आज्जींच्या हातात दिली.

“ही तुमची. फाडून टाका.”

आज्जींनी चतकोर फाडला, मग त्याचे तुकडे फाडले. टेबलाखालची कचऱ्याची बादली त्यांना दिसत होती. त्यांनी तुकडे मुठीत गोळा केले, पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली, ती कमरेला खोचली आणि पायरी उतरून गेल्या.